आजोळचा झोपाळा, दहा आठवड्यांची पटाशी आणि हिरव्या रंगाची धूळ

प्रश्नकर्ती : सिंहगड रस्ता

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, परंतु त्यात सुतारकाम, कुत्र्याचे पिल्लू आणि लहान मूल अशा तिन्ही गोष्टी गुंतलेल्या असल्यामुळे तो जरा सविस्तर मांडते.

राजापूरजवळचे माझे आजोळचे घर मामांनी गेल्या वर्षी पाडून नव्याने बांधायला घेतले, तेव्हा ओटीवरचा सागवानी झोपाळा मी मागून घेतला. फळी साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दीड इंच जाड असून तिच्या चारही बाजूंना खालून पट्ट्या मारलेल्या आहेत. पितळी कड्या चारही शाबूत आहेत. सत्तरच्या दशकात कधीतरी आजोबांनी फळीला हिरवा ऑइल पेंट दिला आणि त्यानंतर दर काही वर्षांनी त्याच रंगाचा आणखी एक हात दिला जात असे, असे आई सांगते. एका कोपऱ्यात पोपडा निघाला आहे, तिथे खाली सागाच्या रेषा इतक्या सुंदर दिसतात की रंग काढून मूळ लाकूड उघडे करण्याचा मोह मला आवरला नाही. येत्या दिवाळीत आई पंच्याहत्तर वर्षांची होईल आणि त्या दिवशी तिला याच झोपाळ्यावर बसवायचे, असे मी मनाशी ठरवले आहे. सुताराकडे न देता हे काम स्वतःच्या हाताने करायचे, हा माझा हट्ट आहे. पॉलिश पेपर लावण्याचे विजेवर चालणारे यंत्र त्यासाठीच विकत घेतले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या वाहनतळातील कुत्रीच्या पिल्लांपैकी एक मादी आम्ही घरात घेतली. ती आता साधारण दहा आठवड्यांची आहे. घरात आल्यापासून तिसऱ्या दिवशी तिने शिसवी देव्हाऱ्याच्या पायावर पुढच्या दातांचे असे काम केले की यजमानांनी तिचे नाव पटाशी, म्हणजे सुताराची लाकूड कोरायची छिन्नी, असे ठेवले आणि तेच रूढ झाले.

आता अडचण सांगते. बाल्कनीत मी दोन संध्याकाळी यंत्राने कोरडी घासाई केली. बाल्कनीचे दार लोटलेले होते, पण ते नीट लागत नाही. काम संपवून आत आले तर दिवाणखान्याच्या फरशीवर हिरवट धुळीत पटाशीच्या पंजांचे ठसे उमटलेले आणि ती स्वतः पंजे चाटत बसलेली. दुसऱ्या दिवशी फळीचा एक कोपरा तिने चावलेला आढळला. रंगाचे दोन-तीन पोपडे तिथून नाहीसे झाले होते आणि ते तिच्या पोटात गेले असावेत, अशी मला भीती आहे. तिचे खाणेपिणे व्यवस्थित आहे, उलटी नाही, खेळते आहे. परंतु आमची लेक पाच वर्षांची आहे आणि ती दिवसभर याच फरशीवर पिल्लाबरोबर लोळत असते, त्यामुळे काळजी दुहेरी आहे.

सासूबाईंचे म्हणणे असे की जुन्या काळी सगळ्याच घरांना असे रंग होते आणि सगळी पोरे त्यातच वाढली. यजमानांचे म्हणणे असे की पिल्लू वर्षाचे होईपर्यंत झोपाळा गुंडाळून पलंगाखाली ठेवावा. मला दोन्ही पटत नाही. काम चालू असताना रोज दोन तास पटाशीला खाली वाहनतळात तिच्या आईपाशी सोडावे का, असाही विचार मनात आला. या कामाचा क्रम कसा लावावा, कोणता भाग घरात करावा आणि कोणता मुळीच करू नये, हे जाणकारांनी सांगावे.

*

उत्तर : गोठा ते गच्ची

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. आपल्या मजकुरातील इतर सर्व मुद्दे मी क्षणभर बाजूला ठेवतो, कारण सत्तरच्या दशकातील हिरवा ऑइल पेंट, कोरडी घासाई, चाटलेले पंजे आणि गिळलेले पोपडे या चार गोष्टी एकत्र आल्या की पहिला प्रश्न शिशाचा असतो. त्या काळच्या तैलरंगांत रंगद्रव्य म्हणून आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे सर्रास घातली जात. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत 90 भाग ही कायदेशीर मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीचा थर तपासणी होईपर्यंत शिसेयुक्तच धरून चालावे.

पिल्लांच्या आतड्यातून शिसे शोषले जाण्याचे प्रमाण मोठ्या कुत्र्यापेक्षा बरेच अधिक असते, आणि लहान मुलांच्या बाबतीतही हेच खरे आहे. ते अंगात गेले की भूक मंदावणे, उलट्या, पोटदुखी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब आणि पुढे अंग थरथरणे, आकडी येणे, विनाकारण भुंकत किंवा धावत सुटणे अशी लक्षणे दिसू शकतात. आज ती खेळते आहे ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. उद्याच आपल्या पशुवैद्यांकडे जाऊन घडलेला प्रकार जसाच्या तसा सांगा. पोटाचा क्ष-किरण काढला तर गिळलेले पोपडे कधीकधी त्यात दिसतात आणि रक्तातील शिशाची पातळीही मोजता येते. वेळेवर कळले तर उपचार आहेत. लेकीच्या रक्ताची तपासणीही बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने करून घ्यावी, हे मी माझ्या क्षेत्राची मर्यादा ओलांडून सांगतो आहे, परंतु घरातल्या कुत्र्यामुळे मुलांच्या अंगातील शिसे लक्षात आले असे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत.

आता वाहनतळाविषयी. तिला खाली मुळीच सोडू नका. तिची लसीकरणाची मालिका अद्याप पूर्ण झालेली नसणार. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, त्यानंतर दर तीन ते चार आठवड्यांनी पुढची मात्रा, असे सोळा आठवड्यांपर्यंत चालते आणि रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर दिली जाते. पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा पार्व्होचा विषाणू मातीत आणि फरशीवर कित्येक महिने टिकून राहतो. पावसाळ्यात त्यात साचलेल्या पाण्यातून पसरणारे लेप्टोस्पायरा जंतू आणि गोचिडांची भर पडते. धुळीपासून वाचवताना पिल्लाला पार्व्होच्या तोंडी देण्यात अर्थ नाही. मात्र याच वयात जगाची ओळख व्हावी लागते, कारण साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान पिल्लू जे आवाज, माणसे आणि वस्तू निर्धास्तपणे पाहते, त्यांची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. तिला कडेवर घेऊन फिरवा, रिक्षा, भाजीवाला, शाळेची बस दाखवा.

आणखी एक बाब सुचवतो. घासाईच्या यंत्राचा आवाज तिच्यासाठी उपयोगाचा करून घेता येईल. यंत्र बंद दाराआड, दुसऱ्या टोकाच्या खोलीत आणि रिकामेच, म्हणजे फळीला न टेकवता, पाच-दहा सेकंद चालवावे आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाने तिला उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यावा. ती कान न टवकारता खाऊ लागली की एकेक पाऊल जवळ यावे. घाई केली तर उलटा परिणाम होतो.

चावण्याबद्दल म्हणाल तर अजून बरीच मजल आहे. तिच्या तोंडात सध्या 28 दुधाचे दात आहेत. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतील आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 कायमचे दात येतील. म्हणजे नेमक्या आपल्या दिवाळीच्या मुदतीपर्यंत तिच्या हिरड्या शिवशिवत राहणार आहेत. गार केलेले अखंड गाजर किंवा ओले करून बर्फाच्या कप्प्यात गोठवलेले जाड फडके द्यावे. शिजवलेली हाडे आणि नारळाची करवंटी मात्र देऊ नये. देव्हाऱ्याला तिखट किंवा कडुलिंब फासण्याचा सल्ला आपल्याला दहा जण देतील. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची पिल्ले कडुलिंबासकट लाकूड खातात.

*

सिंहगड रस्ता :

मनापासून आभारी आहे. उत्तर वाचून रात्री झोप लागली नाही, हे प्रांजळपणे सांगते. सकाळीच पटाशीला घेऊन गेलो. क्ष-किरणात काही दिसले नाही. दोघींचेही रक्त तपासणीला दिले आहे. यंत्राची तार काढून ठेवली आहे. सासूबाईंनी घरात दोन वेळा ओल्या फडक्याने फरशी पुसून घेतली आणि ते फडके बादलीत बुडवून ठेवले आहे. ते धुऊन पुन्हा वापरावे की टाकून द्यावे?

*

उत्तर : जर्सीतला माळी

फडके टाकून द्यावे, आणि केरसुणी व साधा व्हॅक्यूम क्लीनर या दोन्ही वस्तू त्या धुळीपासून लांब ठेवाव्यात. केरसुणीने बारीक धूळ हवेत उडते आणि साध्या व्हॅक्यूमच्या मागच्या तोंडातून ती परत खोलीत येते.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अठरा वर्षे न्यू जर्सीत आहे. आमचे घर 1920 च्या दशकातील असून खिडक्यांच्या चौकटी मी स्वतः दुरुस्त केल्या आणि त्याच वर्षी आमच्याकडे लॅब्राडोरचे पिल्लू आले, त्यामुळे तुमची कहाणी वाचताना मला माझाच तो उन्हाळा आठवला. इकडे घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर 1978 साली बंदी आली. त्याआधीच्या घराच्या रंगाला ठेकेदाराने हात लावायचा असेल तर त्याला त्यासाठीचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते, धूळ बाहेर जाऊ न देण्याचे नियम पाळावे लागतात, आणि उष्ण हवेची बंदूक 1100 अंश फॅरनहाइटच्या वर नेण्यास मनाई आहे, कारण त्या तापमानाला शिशाची वाफ होऊ लागते. स्वतःच्या घरात स्वतः काम करणाऱ्याला हे नियम बंधनकारक नाहीत. अर्थात शिशाला हा फरक कळत नाही.

बाजारात रंग काढण्याचे जे द्रव मिळते त्याचा डबा वाचून मगच घ्या. त्यात डायक्लोरोमिथेन असेल तर ते बंद बाल्कनीत वापरू नका. श्वासातून शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनते आणि बंदिस्त न्हाणीघरात ते वापरताना इकडे माणसे दगावलेली आहेत. म्हणूनच 2019 साली सर्वसामान्य ग्राहकांना ते विकण्यावर इथे बंदी आली. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. जमिनीलगत तुमच्या घरात कोण असते, हे मी सांगायला नको.

रंगाची कपची प्रयोगशाळेत देऊन खात्री करून घ्या. घरच्या घरी कापसाच्या बोळ्याने करायच्या चाचण्या मी वापरल्या होत्या. एकाच चौकटीवर दोन बोळ्यांनी दोन उत्तरे दिली.

*

उत्तर : रंधा व मोगरी

मी निवृत्त अभियंता असून गेली बारा वर्षे जुनी लाकडी सामाने दुरुस्त करणे हा माझा छंद आहे. वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. झोपाळा पलंगाखाली ठेवण्याची गरज नाही, परंतु कामाचे दोन तुकडे पाडावे लागतील आणि त्यातला पहिला तुकडा घराबाहेर करावा लागेल, एवढे आपण मान्य केले तर दिवाळी साधेल.

पहिला तुकडा म्हणजे रंग काढणे. हे काम ओळखीच्या सुताराच्या मोकळ्या जागेत करावे किंवा त्याच्याकडूनच करून घ्यावे. हट्ट सोडावा लागतो हे मला कळते, परंतु या कामात कौशल्य कमी आणि घाण जास्त असते. आपले कौशल्य पुढे खर्च करा. सुताराला एवढेच बजावून सांगा की कोरडे घासू नको. पाणी मारून पत्र्याच्या खरवडणीने थर काढावेत, खाली जाड प्लास्टिक अंथरावे आणि निघालेला चिखल त्यातच गुंडाळून बांधावा. त्याने स्वतःही धुळीचा मुखपट्टा लावावा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने रंग झटपट सुटतो म्हणून काही जण फळीच त्यात भिजत घालतात, परंतु त्याने साग काळवंडतो, सांधे सैल होतात आणि लाकडात मुरलेला सोडा पुढे पॉलिश टिकू देत नाही. फळीचे वजन तीस-बत्तीस किलो भरेल, तेव्हा ने-आण करताना दोन माणसे असावीत.

फळीला बारीक भोके असतील तर औषध मारण्याची घाई करू नये. कोकणातल्या जुन्या सागाच्या कडेला जो फिकट भाग असतो, तो किडे पोखरतात. आतला गाभा सहसा वाचतो. फळीखाली काळा कागद आठ दिवस पसरून ठेवा. त्यावर पिठासारखा भुसा पडला तरच कीड जिवंत आहे; काही पडले नाही तर ती भोके तुमच्या आजोबांच्या वेळची आहेत आणि त्यांत आता कोणी राहत नाही. कीड निघालीच तर औषध सुताराकडेच मारून घ्यावे आणि फळी काही दिवस तिथेच वाळू द्यावी, कारण ही औषधे कीटकनाशके असतात आणि पटाशी लाकूड चाटते.

दुसरा तुकडा घरी करता येईल. रंग पूर्ण गेल्यावर 120, मग 220, शेवटी 400 नंबरचा पॉलिश पेपर हातानेच, लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारावा. यंत्राचे गोल ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात, त्यामुळे ते यंत्र आपण उगाच घेतलेत असे माझे मत आहे. सागाच्या धुळीनेही काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून पिल्लू आणि लेक त्या वेळी दुसऱ्या खोलीतच असावीत. फटी भरायला बारीक सागाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून वापरावा. फुगणारा पॉलीयुरेथेनचा गोंद घरात आणूच नये; कुत्र्याने तो चाटला तर पोटात जाऊन तो फुगतो, दगडासारखा होतो आणि शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो.

शेवटच्या हातासाठी मी लाखेचे पॉलिश सुचवेन. एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम लाख रात्रभर विरघळवून, गाळून, सुती बोळ्याने पातळ थर द्यावेत. स्पिरिट स्वतः विषारी आहे, बाटली उंच कपाटात ठेवावी. परंतु ते तासाभरात उडून जाते आणि मागे उरते ती निव्वळ लाख, जिचा लेप औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या गोळ्यांवरही देतात. दात फुटणारे पिल्लू घरात असताना मेलामाइन किंवा पीयूच्या (पॉलीयुरेथेनच्या) चकचकीत थरांपेक्षा हे बरे. उणीव इतकीच की गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते, आणि अमोनियाने लाख विरघळते, म्हणजे पटाशीने झोपाळ्यावर शू केली तर तत्काळ पुसावी लागेल.

मात्र पावसाळ्यात हे पॉलिश मुळीच करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि थर दुधाळ होतो. पुण्यात दसऱ्यापर्यंत थांबावे. तोवर सुताराचे काम, लसी आणि निम्मे दात उरकून गेलेले असतील.

एक इशारा द्यायचा राहिला. पट्ट्यांना खालून जवसाचे तेल लावायचा विचार असेल तर तेल लावलेली फडकी चुरगळून कुठेही टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावीत. आमच्या घरच्या कुत्र्याला अशी फडकी चोरून आपल्या गोधडीखाली साठवण्याची सवय होती. सुदैवाने पत्नीला वास आला.

*

उत्तर : माजघर

मी रत्नागिरीची, वय वर्षे एकाहत्तर. सगळे वाचले आणि थोडे वाईटही वाटले, कारण तुम्हा सर्वांच्या लेखी तो हिरवा रंग म्हणजे केवळ विष ठरला. कोकणात चार महिने पागोळ्या गळतात, ओटीवर झोत येतो. तेलरंगाचा हात दिला नसता तर ती फळी तुझ्यापर्यंत पोचलीच नसती, बाळ. आमच्याकडे वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावत, वाळवी लागू नये म्हणून, आणि ते अंगाला लागले की फोड उठत. ते तेल लाव असे तुला कोणी सांगेल, ऐकू नकोस.

माझे म्हणणे निराळे आहे. रंग घट्ट बसलेला असेल तर तो खरवडण्यापेक्षा त्यावरच नव्या रंगाचे दोन हात देऊन का मोकळे होऊ नये? धूळच होणार नाही. झोपाळा आजोबांनी दिलेल्या रंगातच राहील आणि तुझी आई त्याला लगेच ओळखेल. लाकडाच्या रेषा शहरातल्यांना हव्या असतात. तिने इतकी वर्षे हिरवाच झोपाळा पाहिलेला आहे.

*

जर्सीतला माळी :

काकू, तुमचा मुद्दा चुकीचा नाही. घट्ट बसलेला जुना रंग नव्या थराखाली झाकून टाकणे हा आमच्याकडेही मान्य मार्ग आहे आणि भिंतींच्या बाबतीत मी तोच पत्करला. परंतु जिथे घर्षण होते किंवा जिथे दात लागतात तिथे तो टिकत नाही, म्हणूनच मी खिडक्यांच्या चौकटी खरवडल्या. झोपाळ्याच्या कडेवर पाच वर्षांच्या मुलीच्या टाचा घासणार आणि पटाशी तर नावाचीच पटाशी आहे.

*

गोठा ते गच्ची :

पितळी कड्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून पुन्हा येतो. बाटलीतल्या पितळ उजळण्याच्या द्रवात असलेली द्रव्ये तिने चाटू नयेत, म्हणून तो वापरू नका; चिंचेने घासल्यास त्या नंतर स्वच्छ धुवा, कारण चिंचही कुत्र्याच्या पोटात जाऊ नये. जुने खिळे, वायसर, जस्ताचा मुलामा दिलेले नटबोल्ट हे मात्र मोजून काढा आणि मोजून डब्यात ठेवा. असा एखादा नट गिळला तर पोटातील आम्लात जस्त विरघळते आणि रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. दोन दिवसांत पिल्लू पिवळे पडते. तिच्या केसांना रंग किंवा पॉलिश लागले तर टर्पेंटाइनने कदापि पुसू नका, खाण्याचे तेल चोळून मऊ करा आणि साबणाने धुवा, नाहीतर तेवढे केस कापा. टर्पेंटाइन प्यालीच तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते आणि मूळ विषापेक्षा तोच प्रकार जिवावर बेततो.

*

सिंहगड रस्ता :

इतक्या दिवसांनी लिहिते आहे, क्षमस्व. लेकीचा अहवाल काळजी करण्यासारखा नाही, असे बालरोगतज्ज्ञ म्हणाले. पटाशीच्या रक्तात शिसे होते, पण औषध सुरू करावे इतके नव्हते. धूळ थांबवा, महिन्याने पुन्हा तपासा, असा सल्ला मिळाला आणि दुसऱ्या वेळी आकडा उतरलेला आला. रंगाच्या कपचीचा अहवाल मात्र 90 च्या मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. तो सासूबाईंनी स्वतः दोनदा वाचला आणि तेव्हापासून घरात चपला दाराबाहेर काढण्याचा नियम त्याच सर्वांत कडकपणे राबवतात.

फळी सुताराकडे दिली. त्याने आधी हसून घेतले, मग पाणी मारून खरवडले. काळ्या कागदावर काही पडले नाही. दसऱ्यानंतर मी दिवाणखान्याचे दार बंद करून अकरा दिवस रोज रात्री एक थर याप्रमाणे लाख दिली. मागे त्याच दारापलीकडे यंत्र रिकामे फिरवून सराव केला होता, त्यामुळे पटाशी आता मिक्सरच्या आवाजालाही उठत नाही. कुकरच्या शिट्टीला मात्र अजून भुंकते. माजघरकाकूंचे म्हणणे मनात राहिले होते, म्हणून फळीच्या खालच्या बाजूला, जिथे कोणाचा हात, पाय किंवा दात पोचत नाही अशा मधल्या पट्टीला, नव्या, शिसे नसलेल्या हिरव्या रंगाचा हात दिला आहे. आई झोपाळ्यावर बसण्याआधी खाली वाकून तेच पाहून आली.

छताच्या हुकांचे काम मी केले नाही, ते जाणत्या माणसाकडून करून घेतले. झोपाळा हलत असताना पटाशी समोर येऊन उभी राहते आणि फळी तिच्या डोक्याच्या बरोबर उंचीवर असते, म्हणून तूर्तास कोणीतरी तिला मांडीवर घेऊनच बसावे लागते.

आता एकच प्रश्न उरला आहे. कड्या कुरकुरतात. आईने खोबरेल लावायला सांगितले, लावले, तर पटाशी मागच्या पायांवर उभी राहून जिथवर पोचते तिथवर कड्या चाटते आहे. काय लावावे?

*

रंधा व मोगरी :

साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा. आधीचे खोबरेल गरम पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या, कडी जिथे कडीत अडकते तेवढ्याच जागी मेण घासा आणि उरलेली मेणबत्ती कपाटात ठेवा, नाहीतर तीही खाईल.